मेलेला माणूस आठवणी लिहीत नाही



सावरगाव-पांढुर्ण्याच्या जुन्या आठवणी इथे सगळेच लिहितात आणि मी त्या सकाळच्या चहासोबत वाचतो. गेल्या पंधरा-वीस दिवसांत चार जणांनी १९७० च्या आसपासच्या गाण्याबजावण्यावर लिहिलं. नागपूरचे ऑर्केस्ट्रा, खांद्यापर्यंत केस वाढवलेले पोट्टे, बेलबॉटम, गिटार, आणि सोबत चिलीम अन् बाटली. वाचताना मजा आली. पण एकाने शेवटी लिहिलं की ती नशा नसती तर ते संगीतच झालं नसतं. त्याखाली वाहवा सुरू झाली ती थांबेचना.

मी कॉमर्सचा माणूस. सारं आयुष्य बँकेत गेलं. जमेची बाजू पानभर अन् नावेची बाजू कोरी, असं खातं दिसलं की मला चैन पडत नाही. म्हणून आज नावेची बाजू लिहितो. थोडं लांबेल, पण वाचा राजेहो.

आधी एक सांगून टाकतो. ते संगीत मला आजही आवडतं. नागपूरला बी.कॉम. करत होतो तेव्हा खोलीतल्या एकाकडे रेकॉर्ड प्लेअर होता. इंग्रजी शब्द अर्धे कळायचे नाहीत, ठेका मात्र पूर्ण कळायचा. तेव्हा "म्हातारा झाला, आता भजन सांगतो," असं कोणी समजू नये.

तो काळच तसा होता. १९६८ साली बीटल्स हृषीकेशला येऊन राहिले. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत वुडस्टॉकला एका शेतात चार लाखांवर माणसं जमली. १९७१ साली आपल्याकडे लोणावळ्याजवळ मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा मोकळ्या मैदानातला संगीतमेळा झाला. त्याला लोक आजही भारताचं वुडस्टॉक म्हणतात. कार्ला-भाज्याची लेणी पाहायला आपण उतरतो तेच हे मळवली स्टेशन. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर गोरे हिप्पी येऊन राहिले होते. त्याच १९७१ मध्ये देव आनंदचा 'हरे रामा हरे कृष्णा' आला. सिनेमा काढला होता नशेने पोरगी कशी बरबाद होते हे दाखवायला, शेवटी ती मरते. पण गावागावांत लोकांनी घरी काय आणलं? शेवट नाही आणला, चिलमीचं गाणं आणलं. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता हिशेब. मी फक्त तारखा लिहितो.

ब्रायन जोन्स, रोलिंग स्टोन्सचा संस्थापक. ३ जुलै १९६९, स्वतःच्या घरच्या पोहण्याच्या तलावात बुडाला. जिमी हेंड्रिक्स, १८ सप्टेंबर १९७०, लंडन, झोपेच्या गोळ्या. जॅनिस जॉप्लिन, ४ ऑक्टोबर १९७०, हॉटेलची खोली, हेरॉइन. जिम मॉरिसन, ३ जुलै १९७१, पॅरिस, न्हाणीघरातल्या टबात. चौघंही २७ वर्षांचे. पहिल्या आणि चौथ्या मरणात बरोबर दोन वर्षं, तारीखसुद्धा तीच. वुडस्टॉकचा शेवट हेंड्रिक्सच्या गिटारने झाला होता. त्यानंतर तेरा महिन्यांत तो गेला आणि त्याच्यानंतर सोळा दिवसांत जॉप्लिन गेली. तीही वुडस्टॉकला गायली होती.

पुढे किथ मून, 'द हू'चा ड्रमवाला, १९७८, वय ३२. दारू सुटावी म्हणून डॉक्टरने दिलेल्या गोळ्याच त्याने मूठभर खाल्ल्या. जॉन बोनम, 'लेड झेपेलिन'चा ड्रमवाला, १९८०, वय ३२, दिवसभर वोडका. तो गेला आणि ते बँडच बंद झालं.

२७ या आकड्यावर लोकांनी मोठं गूढ रचलंय. २०११ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्याचा हिशेब छापून आला. २७ व्या वर्षात विशेष काही नाही, असं निघालं. पण त्याच हिशेबात हेही निघालं की प्रसिद्ध गायक-वादक विशीत आणि तिशीत इतरांपेक्षा जास्त मरतात. त्याआधी २००७ साली लिव्हरपूलच्या जॉन मूर्स विद्यापीठाने हजारावर रॉक-पॉप कलाकार तपासले होते. प्रसिद्धीनंतरच्या पंचवीस वर्षांत त्यांचं मरणाचं प्रमाण सामान्य माणसाच्या दीडपटीहून जास्त निघालं. म्हणजे चार-सहा नावांचा हा योगायोग नाही, सगळ्या धंद्याचाच ताळेबंद तसा आहे.

मग आपल्याला तो काळ इतका मजेचा का वाटतो? माझं उत्तर साधं आहे. आठवणी जगलेले लोक लिहितात. मेलेला माणूस आठवणी लिहीत नाही.

किथ रिचर्ड्स १९४३ चा. माझ्याहून मोठा. ऐंशी ओलांडली. त्याने २०१० साली जाडजूड आत्मचरित्र लिहिलं, जगभर खपलं. वाचणारा म्हणतो, बघा, एवढं सगळं करून माणूस ठणठणीत! पण ब्रायन जोन्सचं आत्मचरित्र कुठे आहे? दोघं एकाच बँडमध्ये गिटार वाजवत होते. एकाचं पुस्तक झालं, दुसऱ्याची तारीख उरली. आमच्याकडे कोणी म्हणालं असतं की ज्यांनी कर्ज फेडलं तेवढ्यांचीच यादी पाहा आणि त्यावरून सांगा की कर्ज बुडत नाही, तर ऑडिटवाल्याने त्याला उभं केलं नसतं. बुडीत खाती बाजूला ठेवून ताळेबंद होत नाही. पण आठवणींच्या बाबतीत आपण रोज हेच करतो.

आणि जगलेल्याच्या पाठीशी काय काय असतं तेही पाहा. रिचर्ड्सला १९७७ साली कॅनडात टोरांटोला हेरॉइनसकट पकडलं. पुढच्या वर्षी निकाल लागला, तेव्हा त्याला अंधांसाठी गाण्याचा कार्यक्रम करायला सांगितलं आणि सोडलं. चांगलं झालं, मला त्याचं वाईट वाटत नाही. पण आपल्या गावातल्या पोट्ट्याला असा वकील, असा डॉक्टर आणि असा निकाल मिळेल का, एवढं ज्याचं त्याने ठरवावं.

आता मुख्य वाद. नशा नसती तर संगीत झालं नसतं म्हणे.

पंडित रविशंकर १९६७ साली माँटेरेला वाजवायला बसले आणि १९६९ साली वुडस्टॉकला. ते श्रोत्यांना सांगत की माझ्या वाजवण्याच्या वेळी चिलीम-सिगारेट नको, आमच्या संगीतासाठी डोकं शुद्ध लागतं. हिप्प्यांनी सतारीला नशेची साथ करून टाकलं याचं त्यांना फार दुःख होतं आणि ते त्यांनी उघड बोलून, लिहून दाखवलं. पुढे ते असल्या मेळ्यांपासून दूर राहिले. रोजच्या तासन्‌तास रियाजावर उभं राहिलेलं संगीत पाहून समोरचा म्हणतो, वा, काय किक आहे! कसं वाटलं असेल त्या माणसाला?

दुसरं आपल्या घरचं उदाहरण कुंदनलाल सैगलचं. दारू घेतल्याशिवाय गाता येत नाही अशी त्यांची समजूत झाली होती. 'शाहजहाँ'च्या वेळी नौशादनी एक गाणं त्यांच्याकडून दारू घेऊन गाऊन घेतलं आणि तेच न घेता गाऊन घेतलं. मग दोन्ही ऐकवली. न घेतलेलं चांगलं निघालं. हा किस्सा नौशाद स्वतः सांगत असत. पण तोवर उशीर झाला होता. सिनेमा १९४६ चा. सैगल १८ जानेवारी १९४७ ला गेले, वय ४२.

तिसरं अमेरिकेतल्या जॅझचं. चार्ली पार्करसारखं सॅक्सोफोन वाजवता यावं म्हणून कितीतरी तरुण वादकांनी हेरॉइन सुरू केलं. पार्कर १९५५ साली गेला तेव्हा ३४ वर्षांचा होता. प्रेत तपासणाऱ्या डॉक्टरला तो पन्नास-साठीचा वाटला. त्याच्यामागे गेलेल्या पोरांना त्याचं व्यसन मिळालं, त्याचा हात नाही मिळाला. हात रियाजाने मिळतो राजेहो, तो कोणत्याही दुकानात मिळत नाही.

मग नशेने फायदा कोणाचा झाला? तेही पाहावं लागेल. आपल्या देशात १९७०-७१ साली कॉलेजच्या बँडांची सर्वात गाजलेली स्पर्धा होती 'सिमला बीट'. सिमला हे सिगारेटचं नाव आणि स्पर्धा भरवत होती इम्पीरियल टोबॅको. पोरांना वाटे आपण व्यवस्थेविरुद्ध बंड करतोय, आणि बंडाचा मांडव कंपनीने घातलेला! जॉप्लिन ऑक्टोबर १९७० मध्ये गेली. तिची शेवटची रेकॉर्ड 'पर्ल' जानेवारी १९७१ मध्ये आली आणि अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेली. खातं फुगलं, खातेदार नव्हता.

आता कोणी म्हणेल, हे गोऱ्यांचं झालं, गांजा तर आपला, महादेवाचा. बरोबर आहे. आपण जुन्या मध्यप्रांतातली माणसं. इंग्रजांच्या काळी या प्रांतातली गांज्याची सरकारी शेती निमाडात खंडव्याकडे होती. सरकार त्यावर कर घेई आणि परवान्याच्या दुकानात माल विके. माझ्या लहानपणीही भांग-गांज्याचा ठेका असे. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला तेव्हा गांजा बंद झाला, भांगेची पानं सुटली. महाशिवरात्रीला चौरागडाच्या यात्रेला त्रिशूळ घेऊन जाणाऱ्यांत चिलीम फिरते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यावर मी भांडायला बसलो नाही. पण आपली भाषा काय म्हणते ते पाहा. ज्याला रोज लागे त्याला आपल्या आजोबांनी भक्त म्हटलं नाही, गंजेडी म्हटलं. रोज भांग पिणारा तो भंगेडी. दारू पिणारा तो दारुडा. परंपरेनेच हे शब्द दिले आहेत. मग गंमत अशी की संत्र्याच्या बगिच्यात मजुरी करणारा रस्त्याच्या कडेला पडला तर तो दारुडा, आणि गिटार गळ्यात घालून पडला तर तो कलंदर. पडणं तेच, यकृत तेच, घरचे हाल तेच.

घरच्या हालांवरच यायचं होतं मला.

आपल्या भागातला एक पोरगा त्या काळी नागपूरच्या ऑर्केस्ट्रात बोंगो-कोंगो वाजवायचा. नाव लिहीत नाही, जुन्या लोकांना कळेल, त्यांनीही लिहू नये. हात असा की लग्नाच्या वरातीत बँडवाले त्याला पाहून थांबत. त्याची एक गोष्ट आपल्याकडे प्रत्येक लग्नात सांगतात. रात्रभर वाजवत होता, पहाटे नशेत वाद्यावरच कोसळला, तरी बोटं तालात चालू होती म्हणे! सांगणारा टाळी देतो, ऐकणारे पोट धरून हसतात. मी ही गोष्ट वीसेक वेळा ऐकली असेल.

त्याच्या बायकोची गोष्ट मात्र मी कोणाच्या तोंडून ऐकली नाही. ती मला ठाऊक आहे कारण मी काउंटरच्या आत बसलो होतो. ती सोनेतारणाला यायची. पहिल्या खेपेला पाटल्या होत्या. दुसऱ्या खेपेला कानातलं. मग मंगळसूत्राच्या वाट्या काढून आणल्या, काळी पोत तेवढी गळ्यात ठेवून. वजन करताना काट्याकडे पाहायची, आमच्याकडे पाहायची नाही. एकदा शिपायाने सहज विचारलं, "बाई, सोडवसान ना?" ती म्हणाली, "सोडवीन ना भाऊ, संत्रा तोडणी लागू द्या." आणि तिने सोडवलं. तोडणीच्या मजुरीवर, मंडीत संत्री निवडण्याच्या मजुरीवर, एकेक हप्ता आणून भरला. नवरा गेला तेव्हा चाळिशीही झाली नव्हती त्याची. तिने दोन पोरं शिकवली.

सांगा, या दोघांत कोणाचा ताल पक्का होता?

आपल्याला हे कळायला जड जायला नको. आपण गोटमारीच्या गावचे आहोत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात काय होतं ते जगाला माहीत आहे. कथा काय आहे? पांढुर्ण्याचा पोरगा आणि सावरगावची पोरगी पळून निघाले, पात्रात दोन्हीकडून दगड पडले आणि दोघं मेली. दोन लेकरं मेल्याची कथा, आणि आपण तिची जत्रा केली. झेंडा कोणी तोडला हे वर्षभर सांगतो. टाके कोणाला पडले, डोळा कोणाचा गेला, हे त्याच्या घरचे सोडून कोणाच्या ध्यानात राहत नाही. नदीत उतरणारे थोडे असतात. काठावर आणि गच्चीवर उभं राहून ओरडणारे जास्त असतात. तो ओरडा नसता तर अर्धे पोट्टे खाली उतरलेच नसते. त्या दिवशी दारू बंद ठेवायचे हुकूम निघतात, तरी कोण किती पिऊन उतरतो हे आपण पाहतो.

रॉकवाल्यांचंही असंच झालं. किथ मूनने हॉटेलची खोली फोडली की वर्तमानपत्रं छापायची, लोक हसायचे. मग पुढच्या गावी लोक खोली फुटायची वाटच पाहायचे. माणूस नशा एकटा करतो, पण तिचा तमाशा व्हायला काठावर गर्दी लागते. आपण तेव्हा काठावर होतो आणि आठवणी लिहिताना आजही काठावरच आहोत.

याचा अर्थ असा नाही की नशा करणाऱ्याला शिव्या द्या, मारा, तुरुंगात टाका. त्याने काही होत नाही. १९८० नंतर मुंबई-पुण्याकडे गर्द आली, म्हणजे ब्राउन शुगर. डॉ. अनिल अवचटांनी त्या पोरांमध्ये जाऊन 'गर्द' लिहिलं. पु. ल. देशपांड्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झालं. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा, ज्यांना लोक डॉ. अनिता अवचट म्हणूनही ओळखत, यांनी ते उभं केलं. व्यसन हा आजार आहे आणि रुग्णाशी माणसासारखं वागायचं, हा तिथला नियम. मला सर्वात पटलं ते हे की त्यांनी व्यसनी माणसाच्या बायकोचाही विचार केला. तिच्यासाठी 'सहचरी' नावाचा गट चालवला. म्हणजे खात्याची नावेची बाजू कोणीतरी प्रथमच उघडून वाचली.

तिकडे एरिक क्लॅप्टनने हेच केलं. हेरॉइन आणि दारू दोन्हींतून तो बाहेर आला. १९९८ साली अँटिग्वा बेटावर व्यसनमुक्तीचं केंद्र काढलं आणि १९९९ साली त्यासाठी आपली शंभर गिटारं लिलावात विकली, सुमारे ५० लाख डॉलर उभे केले. चांगलं वाजवणं नशा सोडल्यावरही चालू राहिलं, हे त्याने वाजवूनच दाखवलं. पण त्याची ही गोष्ट लग्नाच्या पंगतीत कोणी सांगत नाही, कारण तिच्यात हसायला काही नाही.

मंडळी, आता आपल्या घरात बारावीतले, कॉलेजातले नातू आहेत. नागपूर सत्तर-ऐंशी मैलांच्या आत आहे, पोरं तिकडेच शिकतात. आपल्या वेळी चिलीम होती, आता पुड्या आहेत, गोळ्या आहेत, आणि गणपतीत डीजेपुढे नाचायच्या आधी "थोडीशी" आहे. ही पोरं आपलं लिहिलेलं वाचतात. आजोबा चिलमीच्या काळाला सोन्याचा काळ म्हणतात, मग बापाने ओरडून काय उपयोग? "आजोबांच्या ग्रुपवर तर सगळे हसतात," असं पोरगं म्हणालं तर आपल्याकडे काय उत्तर आहे?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आठवणी लिहा, गाण्यांवर भरभरून लिहा. कोणाच्या नशेचा किस्सा आलाच, तर त्याच परिच्छेदात दोन ओळी जास्त लिहा. तो किती वर्षं जगला, घर कोणी चालवलं, पोरांची फी कोणी भरली. नाव नका घेऊ, पण बाजू लिहा. ज्यांना एवढं लिहिणं जमत नसेल त्यांनी किस्साही लिहू नये.

आणि कोणाच्या घरात आज हा त्रास असेल तर लाजू नका. जामसावळीच्या मारुतीला जरूर जा, नवस बोला, पण तेवढ्यावर थांबू नका, डॉक्टरकडेही न्या. नशामुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा फोन नंबर आहे, पैसे लागत नाहीत. वहीत लिहून ठेवा.

कोणाला पटलं नसेल त्यांनी खुशाल खाली लिहावं, मी उत्तर देईन. फक्त "काका, तुम्ही फार सिरीयस घेता," एवढं सोडून काहीही चालेल.

आपला,
सावरगावचा एक निवृत्त बँकवाला